पाकिटातल्या चित्रात तंबाखू कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीजवळच्या जुन्या घरात त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी पत्त्यांपेक्षाही लहान अशी चार रंगीत चित्रं मिळाली. एकावर पिसांचा टोप घातलेला रेड इंडियन सरदार आहे, दुसऱ्यावर पंख्याआडून बघणारी गोरी बाई. तिसऱ्यावर फेटेवाला हिंदी शिपाई, त्याच्या मागे ‘सिझर्स’ सिगारेटचं नाव आणि पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. चौथ्यावर कामाचे कपडे घातलेली बाई आहे आणि तिच्या मागे ‘ब्लॅक कॅट’ सिगारेटची जाहिरात. ही सिगारेटच्या पाकिटातली चित्रं आहेत एवढं कळलं, पण यांचा तंबाखूशी संबंध काय, यातली प्रतीकं वाचायची कशी, आणि मागची पेन्सिल खोडरबराने पुसली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : पुसू नका. कारण शेवटी सांगेन.

आता चित्रं. माझं आयुष्य छापखान्यात आणि नंतर जुने कागद दुरुस्त करण्यात गेलं. काडेपेट्यांचे छाप, विड्यांची लेबलं, कापडाच्या ताग्यांवरची तिकिटं आणि ही सिगारेट कार्डं असं सगळं हाताखालून गेलं आहे. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. या चित्रात तंबाखू आहे का? तुमच्या चारही चित्रांत ती नाही. पान, पाइप, धूर यातलं काहीच नाही. इथूनच सुरुवात करायला हवी, कारण त्याआधीची दीडदोनशे वर्षं तंबाखूवाल्यांच्या चित्रांत तंबाखू ठळकपणे असायची.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये तंबाखूचे दुकानदार पुडीच्या कागदावर आणि दुकानाच्या ओळखपत्रावर चित्र छापत. अशा पत्रांचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातला बराच भाग ॲम्ब्रोस हील या फर्निचरवाल्या गृहस्थाने जमवलेला. त्यांत एक आकृती पुन्हा पुन्हा भेटते. काळ्या वर्णाचा, जवळजवळ उघडा माणूस, डोक्यावर उभ्या पिसांचा मुकुट, कमरेला पानांचा किंवा पिसांचा घागरा, तोंडात लांब पाइप, शेजारी तंबाखूची मोठाली पिंपं आणि मागे समुद्रात शिडाचं जहाज. दुकानदार त्याला ‘व्हर्जिनियन’ म्हणत, नाहीतर सरळ ‘ब्लॅक बॉय’.

हा माणूस कुठला? कुठलाच नाही. पिसांचा मुकुट आणि घागरा युरोपी चित्रकारांनी ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांच्या चित्रांवरून उचलला. तंबाखू व्हर्जिनियाची. तिथे जॉन रॉल्फने १६१२च्या सुमारास गोडसर तंबाखूची लागवड सुरू केली, कारण स्थानिक तंबाखू इंग्रजांच्या जिभेला कडू लागत होती. आणि अंगाचा रंग आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचा, ज्यांच्या कष्टावर पुढे ती शेती उभी राहिली. म्हणजे जमीन ज्यांच्याकडून घेतली ते आणि श्रम ज्यांच्याकडून घेतले ते, दोघांना एका अंगात शिवून दुकानाच्या दारात उभं केलं. चित्रकाराने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. त्याला आणि गिऱ्हाइकाला फरक माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. पण त्या काळातला सगळा व्यवहार असा एका चित्रात आलेला दुसरीकडे मी पाहिला नाही.

त्याच पिढीत तपकिरीच्या दुकानासाठी घागरेवाला स्कॉटिश हायलँडर उभा असे, तुर्की तंबाखूसाठी पगडीवाला तुर्क. प्रत्येक मालाला एक देह. अमेरिकेत याच कुळातला लाकडी इंडियन चिरुटांच्या दुकानांबाहेर एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत उभा होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दुकान कळावं हा त्यातला साधा हिशेब. आपल्याकडे ‘उंट छाप’, ‘घोडा छाप’ म्हणून माल मागायची सवय होती, तीही याच गरजेतून आलेली.

छाप म्हटलं की त्याचा अर्थ शोधायचा मोह होतो. तो जरा आवरायला हवा. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनातली ‘बुल डरहॅम’ तंबाखू घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या छापांपैकी एक. बैल म्हणजे ताकद, पौरुष, शेती असं काय काय लिहून होतं त्यावर. खरी गोष्ट अशी सांगतात : जॉन ग्रीन नावाच्या तिथल्या तंबाखूवाल्याचा माल १८६५ साली यादवी युद्ध संपताना तिथे तळ दिलेल्या सैनिकांनी लुटला. घरी गेल्यावर तेच सैनिक पत्रं पाठवून तो माल मागू लागले. ग्रीनला नाव आणि चित्र हवं होतं. त्याने कोलमन मोहरीच्या डब्यावरचा बैल पाहिला. ती मोहरी इंग्लंडातल्या डरहॅमची आहे अशी त्याची समजूत होती, आणि आपलं गावही डरहॅम. म्हणून बैल. कोलमनचा कारखाना खरं तर नॉरिचला. एका चुकीच्या समजुतीतून आलेला बैल पुढे भिंतीभिंतींवर रंगवला गेला, आणि मग लोकांनी त्याला पौरुष वगैरे चिकटवलं. ते चिकटवलेलं खोटं नसतं, जाहिरातीत ते खरंच काम करतं. पण ते नंतर आलेलं असतं.

दुसरा फसवा प्रकार तयार कार्डांचा. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत रंगीत जाहिरात-कार्डांचं पेवच फुटलं. छापखाने फुलं, मांजरीची पिल्लं, गुबगुबीत पोरं अशी चित्रं ढिगाने छापून ठेवत आणि एक जागा कोरी सोडत. तिथे तंबाखूवाला, साबणवाला, चपलावाला आपापलं नाव नंतर टाइपात छापून घेई. अशा कार्डावरच्या गुलाबात तंबाखूचा गूढार्थ शोधणं म्हणजे कॅलेंडरवरच्या लक्ष्मीत किराणा दुकानदाराचा स्वभाव शोधण्यासारखं आहे. दुकानाचं नाव काळ्या शाईत, चित्राच्या रंगांपेक्षा वेगळ्या दाबाने बसलेलं दिसलं, की समजावं चित्र आधीचं आणि नाव मागाहूनचं.

मग चित्रातून तंबाखू गेली कशी? यंत्रामुळे. १८८०च्या आधी सिगारेट हाताने वळत. निष्णात कामगार दिवसाला तीनेक हजार वळायचा. जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियातल्या तरुणाने सिगारेट वळायचं यंत्र काढलं, १८८१ साली त्याला पेटंट मिळालं, आणि नीट चालल्यावर ते दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी काढू लागलं. जेम्स ड्यूक या तंबाखूच्या कारखानदाराने डरहॅममध्ये हे यंत्र बसवलं आणि दहा सिगारेटींच्या पाकिटाचा भाव १० सेंटवरून ५ सेंटवर आणला. आता एका कंपनीची सिगारेट आणि दुसरीची, दोन्ही सारख्याच पांढऱ्या, सारख्याच गोल, सारख्याच स्वस्त. पानाची जात, गाव, वास यातलं गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं फार काही उरलं नाही. पाकीट मऊ कागदाचं होतं. सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या रिकाम्या पुठ्ठ्यावर चित्र आलं.

एकदा तंबाखू दाखवायची गरज संपल्यावर त्या तुकड्यावर काहीही येऊ शकत होतं, आणि आलं. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ ते १८९०च्या आसपास पन्नास-पन्नास कार्डांच्या माला काढल्या : जगातले झेंडे, अमेरिकेतले पक्षी, मासे, फळं, स्पॅनिश समुद्रातले चाचे, घोडेशर्यतीतले पोशाख. ही यादी लांबवत नाही, पुष्कळशी नुसती गोड आहे. ‘जगातले धूम्रपी’ नावाची एक माला मात्र गमतीची आहे : प्रत्येक देशाला एक डोकं, एक टोपी आणि ओढायची एक तऱ्हा. तंबाखू चित्रात परत आली ती अशी, दुसऱ्याच्या तोंडात.

या मालांमधलं खरं प्रतीक एखाद्या चित्रात नसून मागच्या बाजूच्या यादीत आहे असं मी मानतो. पाठीवर पन्नास नावं छापलेली असतात. तुमच्या हातात एक आहे, एकोणपन्नास बाकी आहेत. जग मोजता येतं, त्याचे सारख्या मापाचे तुकडे होतात आणि ते खिशात मावतात, हे ती यादी सांगते. पोरं रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बापे लोकांकडे कार्ड मागत. अमेरिकेतही आणि नंतर इंग्लंडातही.

आता तुमचा सरदार. तुम्ही पाठवलेला त्याचा फोटो एका बाजूचाच आहे, पण चित्र ॲलन अँड गिंटरच्या १८८८ सालच्या ‘अमेरिकन इंडियन सरदार’ मालेतल्यासारखं दिसतंय. पिसांचा खांद्यापर्यंत येणारा टोप, चेहरा किंचित वळलेला, पार्श्वभूमी हलकी. जुन्या व्हर्जिनियनशी याची तुलना करून पाहा. तो नुसता ‘व्हर्जिनियन’ होता, याला नाव आहे. मालेत लाकोटा लोकांचा सिटिंग बुल आहे, अपाची लोकांचा जेरोनिमो आहे, नेझ पर्से लोकांचा जोसेफ आहे. चेहरे बहुतेक खऱ्या फोटोंवरून आणि चित्रांवरून घेतलेले. म्हणजे सन्मान वाढला?

साल बघा. १८८६च्या सप्टेंबरात जेरोनिमोने शरणागती पत्करली. १८८८ साली हे कार्ड पाकिटांतून फिरत होतं तेव्हा तो अलाबामात अमेरिकन सैन्याचा कैदी होता, आणि १९०९ साली मरेपर्यंत कैदीच राहिला. १८८७ साली डॉज कायदा आला आणि टोळ्यांच्या सामाईक जमिनी तुकड्या-तुकड्यांनी वाटायला सुरुवात झाली. १५ डिसेंबर १८९० रोजी सिटिंग बुलला अटक करायला आलेल्या पोलिसांनी ठार मारलं, आणि दोनच आठवड्यांनी वुंडेड नी इथे लाकोटा लोकांची कत्तल झाली. सरदार जोपर्यंत लढत होते तोपर्यंत त्यांचं चित्र खिशात घालून कोणी हिंडत नव्हतं. त्यांची ताकद गेली आणि ते ‘जमवण्याजोगे’ झाले. पिसांचा टोप इथे शौर्याचं चिन्ह आहे हे खरं. मैदानी टोळ्यांत एकेक पीस पराक्रमाने मिळवावं लागे. पण कार्डावर ते शौर्य संपलेलं म्हणूनच सुरक्षित आहे. बारकाईने पाहाल तर मालेत लढाईचा प्रसंग नाही, घोडा नाही, गाव नाही. नुसतं छातीपर्यंतचं चित्र, पक्ष्यांच्या मालेत पक्षी काढतात तसं.

याच कंपनीने वर्षभर आधी ‘जगज्जेते’ नावाची माला काढली होती. बेसबॉल खेळाडू, मुष्टियोद्धे, मल्ल, होड्या वल्हवणारे, बिलियर्डवाले आणि नेमबाज. नेमबाजांत बफेलो बिल आहे आणि ॲनी ओकली आहे. १८८५ साली सिटिंग बुल याच बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळात काही महिने हिंडला होता, आणि ॲनी ओकलीला त्याने लेकीसारखं मानलं होतं. खेळ एकच, तंबूही एकच. कार्डांवर मात्र ते दोघे ‘जगज्जेते’, आणि सिटिंग बुल वेगळ्या मालेत. कोणाला कुठल्या यादीत घातलंय हे बघणं म्हणूनच मला एखाद्या पिसाचा किंवा रंगाचा अर्थ लावण्यापेक्षा जास्त सांगून जातं. जेरोनिमोची गोष्ट इथे संपत नाही हेही सांगून टाकतो : १९०४च्या सेंट लुइसच्या जत्रेत तो पहाऱ्यात असतानाच स्वतःचे फोटो २५ सेंटला एक असे विकत होता. आपलं चित्र बाजारात चालतं हे त्याच्याही लक्षात आलं होतं.

त्याच काळात काळ्या लोकांची विद्रूप, हसं करणारी चित्रं तंबाखूच्या जाहिरात-कार्डांवर भरपूर आली. गुलामी कायद्याने संपून पंचवीस वर्षंही झाली नव्हती. त्यात ‘विनोद’ म्हणून जे आहे ते वाचताना आजही तोंड कडू होतं. संग्रहात ती येतात, मी ती लपवत नाही, आणि भिंतीवरही लावत नाही.

पंख्यावाल्या बाईकडे येऊ. ॲलन अँड गिंटरनेच पंख्यांची एक माला काढली होती, दुसरी छत्र्यांची कवायत करणाऱ्या मुलींची. तुमचं कार्ड त्या पंख्यांच्या मालेतलं असू शकेल. इंटरनेटवर ‘पंख्याची भाषा’ नावाची यादी सापडेल : पंखा उजव्या गालाला लावला तर होकार, डाव्या गालाला लावला तर नकार. त्या यादीच्या आधाराने हे चित्र सोडवायला जाऊ नका. ती यादी मुख्यतः पॅरिसच्या दुव्हेलरॉय या पंखे बनवणाऱ्या पेढीने गिऱ्हाइकांना वाटली. पंखे खपावेत म्हणून. चित्रकाराला हव्या होत्या दोन गोष्टी. चेहऱ्याभोवती एक मोठी रंगीत चौकट, आणि अर्धं झाकलेलं काहीतरी. सिगारेट ओढणारा तेव्हा पुरुष, आणि ही बाई त्याच्यासाठी काढलेली. पाकीट उघडणं आणि पंखा बाजूला होणं यातलं साम्य कोणाला समजावून सांगायला नको.

इतर कंपन्यांनी पंखाही काढून टाकला. घट्ट विजारीतल्या नट्यांचे फोटो शेकड्यांनी आले. ड्यूकचा म्हातारा बाप वॉशिंग्टन ड्यूक धर्मभीरू मेथडिस्ट होता. त्याने १८९४ साली मुलाला पत्र लिहून असली चित्रं वाटण्याबद्दल नापसंती कळवली. धंदा बापाच्या नावाचाच होता, डब्ल्यू. ड्यूक सन्स अँड कंपनी. त्याच कंपनीने फुलांची भाषा सांगणारी कार्डंही काढली होती, म्हणजे सोवळं-ओवळं एकाच कारखान्यात. प्रतीकाचा अर्थ कार्डावरच छापलेला सापडतो अशा थोड्या जागांपैकी ती फुलांची माला एक.

१८९० साली ड्यूकने ॲलन अँड गिंटरसकट पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धा संपली, तशी कार्डांवरची मेहनतही संपत गेली. हे मला नेहमी बोलकं वाटतं. १९०१ साली ड्यूकने लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेतल्यावर घाबरलेल्या तेरा ब्रिटिश तंबाखूवाल्यांनी मिळून इंपीरियल टोबॅको केली. पुढच्या वर्षी दोघांत तह झाला, बाहेरचं जग सांभाळायला ब्रिटिश अमेरिकन टोबॅको निघाली, आणि १९१० साली कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया सुरू झाली. तीच आजची आयटीसी. तुमचा शिपाई या वाटेने आला.

‘सिझर्स’ हा ब्रिस्टलच्या विल्स कंपनीचा छाप. हिंदुस्थानच्या बाजारात तो जोरात चाले, आणि त्याच्याबरोबर १९१२च्या सुमारास हिंदी पलटणींची माला आली. चित्रकला उत्तम आहे, फेट्याची घडी न् घडी मोजून घ्यावी अशी. पण मघाचा नावाचा प्रश्न इथे विचारा. सरदाराला नाव होतं. याला हुद्दा आहे, पलटण आहे, नाव नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्या काळात ‘लढवय्या जाती’ अशी वर्गवारी करून भरतीची पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली होती. एकेका जातीचा एकेक नमुना, त्याचा बांधा, दाढी, फेटा. कार्डांची माला ही त्याच वर्गवारीची खिशातली आवृत्ती. शिपाई ताठ उभा आहे, कपड्याला चुरगळ नाही, समोर शत्रू नाही, पायाला धूळ नाही. दोनच वर्षांनी हीच माणसं फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात चिखलात उभी राहिली. ते कार्डात येणार नव्हतंच.

महायुद्धात मात्र कार्डांवरची चित्रं अंगाशी येऊ लागली. १९१५ साली वॉटर्लूच्या लढाईला शंभर वर्षं झाली म्हणून विल्सने पन्नास कार्डांची माला छापून तयार ठेवली होती. पण वॉटर्लूत ज्यांना हरवलं ते फ्रेंच आता मित्र होते. माला बाजारात आलीच नाही. (१९३६ सालीही तसंच झालं. आठव्या एडवर्डच्या चरित्राची माला तयार होती, आणि राजानेच गादी सोडली.)

तुमचं चौथं कार्ड याच युद्धातलं असावं. कॅरेरास कंपनीने १९१६ साली ‘युद्धकाळात काम करणाऱ्या स्त्रिया’ अशी पन्नास कार्डांची माला ब्लॅक कॅट सिगारेटींबरोबर दिली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे त्यांची कामं करणाऱ्या बाया त्यात आहेत. पंख्यावालीच्या शेजारी हे कार्ड ठेवा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं अंतर. ही बघणाऱ्याकडे लक्ष देत नाही, तिचं लक्ष हातातल्या कामाकडे आहे. चित्रकाराने तिला देखणी काढलीच आहे, ती सवय गेली नव्हती. पण तिच्या हातात अवजार आहे. पुढे बायका उघडपणे सिगारेट ओढू लागल्या आणि कंपन्यांना त्यातलं गिऱ्हाईक दिसलं, त्याची पूर्वसूचना इथे आहे असं म्हणायचा मोह मला होतो. सिद्ध करता येणार नाही.

आणि मागचं काळं मांजर. तुमच्या आजीने हे कार्ड पाहिलं असतं तर कपाळाला आठ्या घातल्या असत्या. काळं मांजर आडवं गेलं की आपण दोन पावलं मागे येतो. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी समजूत नेमकी उलटी आहे : काळं मांजर भेटणं हा शकुन. कॅरेरासच्या लंडनमधल्या वॉर्डर स्ट्रीटच्या दुकानाच्या खिडकीत एक काळं मांजर झोपून असे, लोक ‘काळ्या मांजराचं दुकान’ म्हणू लागले, आणि १९०४ साली तेच नाव सिगारेटीला मिळालं. पुन्हा बैलासारखंच. आधी योगायोग, मग अर्थ. आणि अर्थ वाढतच गेला. १९२८ साली या कंपनीने लंडनच्या मॉर्निंग्टन क्रेसेंटला इजिप्शियन देवळासारखा कारखाना बांधला आणि दारात दोन भलीमोठी काळी मांजरं बसवली. खिडकीत झोपलेलं मांजर इजिप्तची मांजरदेवी बास्ट झालं.

इजिप्तचं वेड तर त्या वेळी सगळीकडे होतं. पिरॅमिड, स्फिंक्स, खजुराची झाडं असलेली पाकिटं लंडन-न्यूयॉर्कमध्ये उच्चभ्रू मानली जात. इजिप्तमध्ये १८९० साली तंबाखूच्या लागवडीवरच बंदी आली होती. पानं तुर्कस्तान-ग्रीसकडून यायची आणि कैरोतले कारखाने बरेचसे ग्रीकांचे. १९१३ साली आलेल्या कॅमलच्या पाकिटावरचा उंट वाळवंटातला नव्हताच. तो विन्स्टन-सेलम गावात आलेल्या सर्कशीतला उंट, त्याचा फोटो काढून त्यावरून चित्र केलं. मागे पिरॅमिड जोडले.

आता अस्सल-नक्कल. सरदारांच्या मालेच्या नकला अमाप आहेत, आणि कोकणातल्या खलाशाच्या ट्रंकेत अमेरिकेतलं १८८८चं कार्ड येणं अशक्य नसलं तरी मी आधी शंका घेईन. ट्रंक नंतर कोणी उघडली होती का, हेही घरात विचारा. मी स्वतः एकदा एका जुन्या वस्तूंच्या दुकानात असाच एक सरदार चांगले पैसे मोजून घेतला आणि घरी येऊन अतिनील दिव्याखाली धरला, तर कागद निळसर चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी द्रव्यं विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. एकोणिसाव्या शतकातला कागद तसा चमकत नाही. पोटात गोळा आला.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालाचा भाग बघा. अस्सल कार्ड शिळाछापाचं असतं. बव्हेरियातल्या झोलनहोफनच्या चुनखडीच्या दगडावर कारागिराने हाताने ठिपके देऊन चित्र काढलेलं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्म्यांच्या छापखान्यात देवादिकांची चित्रं छापायचे ती रीत हीच. ते ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, माणसाच्या हाताचे असतात. नकलेत ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर, चार रंगांची छोटी छोटी फुलं केल्यासारखे दिसतात. ती कॅमेऱ्याची जाळी. कडेला एखादा रंग केसभर सरकलेला दिसला तर मी उलट खूश होतो. माप साधारण ३८ बाय ७० मिलिमीटर भरलं पाहिजे. शिपाई आणि कामकरी बाई त्याहून किंचित लहान असतील, ब्रिटिश माप तसंच असतं.

मालेचा क्रमांक शोधायला अमेरिकन कार्डांसाठी ‘एन’ अक्षराने सुरू होणारी यादी वापरतात, सरदारांची माला ‘एन २’. ही पद्धत जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने बसवली. सिराक्यूजमधल्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेला माणूस. त्याने ३ लाखांहून जास्त कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि वर्षानुवर्षं तिथे जाऊन स्वतः वह्यांत चिकटवले. १९६३च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. त्याचे बरेचसे संग्रह म्युझियमच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तुमच्या सरदाराचं चित्र तिथल्या चित्राशी ताडून बघा, आधी मागची बाजू.

सांभाळायचं म्हणाल तर कोकणातल्या दमट हवेत बुरशी आणि कसर हे दोन शत्रू. प्लास्टिकच्या स्वस्त पिशवीत किंवा लॅमिनेशनमध्ये घालू नका. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा. मागे जुना डिंक असेल तर पाण्यात भिजवून काढायच्या फंदात पडू नका.

राहिली पेन्सिल. शिपायाच्या मागच्या बाजूचा फोटो मी मोठा करून बघितला. ती मोडी आहे. पहिला शब्द मला नीट लागत नाही, ‘तेल’ किंवा ‘तैल’ असावा. त्यापुढे २॥ आणि आण्याची खूण. खाली आणखी दोन ओळी आहेत, दोन्हींच्या शेवटी रक्कम आणि एक आडवी रेघ. साहेबाच्या फौजेतला शिपाई पणजोबांनी जमवला नव्हता बहुतेक. जाड, खिशात मावणारा तुकडा हाताशी होता, त्याच्या पाठीवर त्यांनी बाजाराचा हिशेब मांडला. मोडी वाचणारं कोणी रत्नागिरीत सापडलं तर त्या तीन ओळी वाचून घ्या, आणि जमलं तर मलाही कळवा.